शर्यतीच्या गाडीत कूलंट कोणते वापरावे: पाणी, ग्लायकॉलचे मिश्रण की निर्जल द्रव?

तिसरे वळण (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझी गाडी मुळात रस्त्यावरची असून गेले दोन हंगाम ती केवळ सर्किटवर पळते. इंजिन चार सिलिंडरचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर बसणारे हेड अॅल्युमिनियमचे, ताकद साधारण दीडशे अश्वशक्ती आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या संपूर्ण यंत्रणेत मावणारा द्रव (कूलंट) सात लिटर. मूळचा रेडिएटर काढून त्याच्या जवळजवळ दुप्पट जाडीचा अॅल्युमिनियमचा बसवला आहे. पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) आणि प्रेशर कॅप (आतला दाब धरून ठेवणारे झाकण) मात्र मूळचीच आहेत. आजवर मी निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असे हिरव्या रंगाचे तयार मिश्रण वापरत आलो.

अडचण दोन बाजूंनी आली आहे. पंचवीस मिनिटांच्या शर्यतीत पहिल्या सात-आठ फेऱ्या काटा ९८ अंशांवर स्थिर असतो, पण पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून पळावे लागले की तो चढू लागतो. गेल्या शर्यतीत तो ११४ वर गेला आणि गाडीने दीड लिटरच्या आसपास पाणी कॅच टँकमध्ये (बाहेर आलेला द्रव झेलणाऱ्या टाकीत) फेकले. त्यातले थोडे टँकच्या तोंडातून उसळून ट्रॅकवरही सांडले, ज्याबद्दल मला रीतसर बोलणी खावी लागली. त्यातच आयोजकांनी पुढच्या हंगामापासून ग्लायकॉलवर पूर्ण बंदी घातली आहे.

मला तीन पर्याय दिसतात: नुसते डिस्टिल्ड वॉटर, त्यात पृष्ठताण कमी करणारे एखादे पूरक द्रव्य, किंवा १९० अंशांपर्यंत उकळत नाही असे सांगितले जाणारे निर्जल कूलंट. तिसरा पर्याय कागदावर आकर्षक वाटतो. पाण्याबद्दल मात्र मनात शंका आहेत. पाणी १०० अंशांना उकळते आणि माझे इंजिन ११४ पर्यंत जाते, मग ते टिकणार कसे? ग्लायकॉल नसेल तर पंपाचे सील कोरडे पडते, असे एका मेकॅनिकने सांगितले. ते खरे आहे का? शिवाय अॅल्युमिनियमला गंज लागण्याची भीती आहेच. ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्णतेचा हिशेबनीस

आपल्या आयोजकांच्या नियमाने तिसऱ्या पर्यायाचा निकाल आधीच लावून टाकला आहे. निर्जल कूलंट म्हणजे पाणी नसलेले ग्लायकॉल: एथिलीन, प्रॉपिलीन किंवा दोन्हींचे मिश्रण. त्याचा उत्कलनबिंदू उंच आहे तो त्याचमुळे. त्यामुळे ज्या सर्किटवर ग्लायकॉलला बंदी आहे तिथे ते बसत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल कमी विषारी असते हे खरे, पण सांडल्यावर ट्रॅक निसरडा करण्यात ते मागे नाही.

आता पाण्याकडे वळू. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाण्याइतका चांगला द्रव सहजासहजी सापडत नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात; निम्म्या-निम्म्या मिश्रणाला कामाच्या तापमानात ३.६ च्या आसपास. हा फरक ऐकून लोक चटकन ठरवून टाकतात की पाणी घातले की गाडी दहा अंशांनी थंड पळेल. तसे होत नाही. आपल्या इंजिनाकडून सर्किटवर सरासरी ६० किलोवॅट उष्णता पाण्यात येते आणि पंप मिनिटाला १०० लिटर फिरवतो असे धरले, तर इंजिनातून बाहेर पडताना पाणी सुमारे ९ अंशांनी तापलेले असेल आणि मिश्रण पावणेदहा अंशांनी. म्हणजे या हिशेबात पाऊण अंशाचाच फरक पडला.

खरा फरक धातू आणि द्रव यांच्या सीमेवर पडतो. ९० अंशांना मिश्रणाचा चिकटपणा पाण्याच्या अडीच पटीच्या आसपास असतो आणि उष्णतावहन पाण्याच्या साठ टक्क्यांइतकेच. प्रवाहाचा वेग तोच ठेवून नेहमीच्या सूत्राने मांडणी केली, तर धातूकडून उष्णता उचलण्याची मिश्रणाची क्षमता पाण्याच्या निम्म्यावर येते. रेडिएटरमध्ये हे तितकेसे जाणवत नाही, कारण तिथे उष्णता अडते ती मुख्यतः हवेच्या बाजूला. पण हेडमध्ये, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पुलावर, त्याचा परिणाम थेट धातूच्या तापमानावर होतो. काटा दोन्ही द्रवांत शंभरच दाखवत असेल, पण काट्याचे सेन्सर द्रवात बसलेले आहे, त्या पुलाच्या धातूत नाही. नॉकिंग (सिलिंडरमधले इंधन आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू होते ते धातूच्या तापमानावरून.

आता "पाणी १०० अंशांना उकळते" या शंकेबद्दल. उघड्या भांड्यात उकळते. आपली यंत्रणा बंद आहे. कॅप १ बारची असेल तर आतला एकूण दाब वातावरणासह सुमारे २ बार होतो आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांना उकळते. १.३ बारच्या कॅपखाली हीच मर्यादा १२४-१२५ वर जाते. निम्म्या मिश्रणाला उघड्यावर १०७-१०८ आणि १ बारच्या कॅपखाली १२९ च्या आसपास मर्यादा मिळते. म्हणजे ग्लायकॉल काढल्याने आपण आठ-नऊ अंशांची राखीव जागा गमावतो आणि ती दाबाने भरून काढावी लागते. पाणी वापरणाऱ्याला कॅपकडे दुर्लक्ष करून चालत नाही, ते यामुळे. आणि इथेच मला आपल्या वर्णनात खटकणारी गोष्ट दिसते. १ बारच्या कॅपखाली निम्मे मिश्रण ११४ अंशांना उकळायलाच नको होते. मग दीड लिटर बाहेर का आले? प्रसरणामुळे थोडे बाहेर येणे समजू शकते, पण दीड लिटर नव्हे. कूलंट कोणते घ्यावे हे ठरवण्याआधी कॅप दाबयंत्रावर तपासून घ्या आणि ती किती दाबाला उघडते ते इथे लिहा. गाडी गरम असताना मात्र ती कॅप उघडू नका. ११० अंशांचे पाणी दाब सुटताच क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

उकळण्याविषयी आणखी एक बाब, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. हेडमध्ये सर्वांत तापलेल्या जागी बारीक बुडबुडे उठणे ही वाईट गोष्ट नाही. प्रत्येक बुडबुडा भरपूर उष्णता घेऊन सुटतो आणि जवळच्या थंड पाण्यात विरून जातो. उष्णता काढण्याचा तो फार कार्यक्षम मार्ग आहे. बिघडते ते बुडबुडे एकमेकांना मिळून धातूवर वाफेची सलग चादर धरू लागली की. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आटत नाही, गोळी होऊन नाचत राहतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार झालेली असते. हेडमध्ये ती गादी धरली की पाणी असूनही धातूला ते लागत नाही आणि तापमान सुसाट वाढते. दाब वाढवला की ही अवस्था उशिरा येते, प्रवाहाचा वेग वाढवला तरी उशिरा येते. पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्यांचा दावा असा की बुडबुडे लहान असतानाच सुटतात. तत्त्व चुकीचे नाही, पण माझ्या मते जाहिरातीत दिसणाऱ्या अंशांपैकी बराचसा वाटा ग्लायकॉल काढून पाणी भरल्याचा असतो, बाटलीचा नव्हे.

तरीही बाटली घ्याच, कारण वेगळे आहे. लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड आणि मधे पाणी, म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात अॅल्युमिनियम झिजत जाते. नुसते डिस्टिल्ड वॉटर शुद्ध असले तरी त्यात गंजरोधक काहीच नसते. वॉटर वेटर किंवा मोकूल यांसारख्या द्रव्यांमध्ये गंजरोधक असतात आणि आपल्याला ते हवे आहेत. पंपाच्या सीलला वंगण म्हणून ग्लायकॉलच लागते हे खरे नाही. सीलच्या दोन पृष्ठभागांमध्ये द्रवाचा पातळ थर लागतो आणि तो पाण्याचाही चालतो. सील जळते ते यंत्रणेत हवा राहून पंप कोरडा फिरल्याने. नळाचे किंवा विहिरीचे पाणी मात्र भरू नका. त्यातील कॅल्शियमचे क्षार नेमके सर्वांत तापलेल्या जागी बसतात, आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला बारीक छिद्रे पाडते.

पांढरा झेंडा

मी काही वर्षे तांत्रिक तपासणीचे काम करतो, त्यामुळे या बंदीची दुसरी बाजू सांगतो. ट्रॅकवर पाणी सांडले तर तापलेल्या डांबरावर ते काही मिनिटांत उडून जाते, आणि उडेपर्यंत ओले दिसते तरी. ग्लायकॉल उडत नाही. त्यातले पाणी निघून जाते आणि मागे राहतो तो पातळ, तेलकट, जवळजवळ न दिसणारा थर. तेल सांडले की त्यावर शोषक पूड टाकून झाडता येते. ग्लायकॉल मात्र डांबराच्या खाचांत बसते आणि ते घालवायला भरपूर पाण्याने धुऊन पुन्हा वाळवावे लागते, म्हणजे तोवर शर्यत थांबली. दुचाकींच्या शर्यतींत ही बंदी म्हणूनच फार सर्रास आढळते, कारण तिथे त्या थरावरून पुढचे चाक गेले की वाचायला दुसरी चाके नसतात.

आता व्यवहाराचे. तपासणीत आम्ही रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. कूलंटचा एक थेंब काचेवर ठेवून झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. निव्वळ पाण्याची रेषा शून्यावर दिसते, ग्लायकॉल असेल तर ती तितकी सरकते. पुष्कळ स्पर्धक इथे प्रामाणिकपणे अडकतात. रेडिएटरचा खालचा पाईप सोडून द्रव काढला, पाणी भरले, झाले, असे त्यांना वाटते. पण तेवढ्याने ब्लॉक आणि हीटर रिकामे होत नाहीत. आपल्या सात लिटरपैकी तीन लिटर आत राहिले असे धरा. पहिल्यांदा पाणी भरल्यावर ग्लायकॉल ५० टक्क्यांवरून २१ वर येते, दुसऱ्यांदा ९ वर, तिसऱ्यांदा ४ वर, चौथ्यांदा पावणेदोनवर. म्हणजे चार वेळा काढून-भरूनही रेषा शून्याला टेकत नाही. ब्लॉकच्या बाजूला पाणी काढण्याचा एक प्लग असतो. तो बहुधा गंजून धरलेला आणि एक्झॉस्टच्या मागे लपलेला असतो, पण तो उघडला की हेच काम दोन वेळांत होते. दर वेळी भरल्यानंतर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा आणि हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरमधले हिरवे पाणी तिथेच बसून राहील आणि नेमके तपासणीच्या दिवशी बाहेर येईल. या धुण्यासाठी साधे पाणी चालेल. शेवटची भर मात्र डिस्टिल्डचीच.

काढलेले ग्लायकॉल जमिनीवर किंवा गटारात ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेल्या तेलाप्रमाणेच रीतसर जमा करा.

आपल्या कॅच टँकबद्दलही सांगायला हवे. दीड लिटर येऊन त्यातले काही बाहेर उसळते याचा अर्थ टँक लहान आहे किंवा त्यात येणारी नळी वरून मोकळी सोडलेली आहे. नळी तळापर्यंत न्या, टँकच्या आत एक आडवी पट्टी बसवा आणि हवा जाण्याचे तोंड वरच्या कोपऱ्यात ठेवा. पुढच्या तपासणीत मी तिथे असलो तर हे आधी पाहीन.

जुनी ओतीव

वरच्या दोन्ही उत्तरांतील भौतिकशास्त्र मला मान्य आहे, पण निर्जल कूलंटला इतक्या लवकर निकालात काढू नये, एवढ्यासाठी लिहितो. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. तिच्या रेडिएटरचे पितळी सांधे ०.३ बारपेक्षा जास्त दाब सहन करत नाहीत आणि ती वर्षातले दहा महिने उभी असते. अशा गाडीत दाब वाढवण्याचा मार्गच बंद असतो. निर्जल द्रव दाब नसतानाही उकळत नाही आणि पाणी नसल्यामुळे गंज जवळजवळ थांबतो. माझ्या वापराला ते योग्य ठरले आहे. काटा पूर्वीपेक्षा सात-आठ अंश वर राहतो, ते मी स्वीकारले आहे.

उष्णतेचा हिशेबनीस

आपल्या गाडीसाठी तो निर्णय बरोबर आहे, आणि काटा वर राहतो हे आपण प्रांजळपणे लिहिलेत याचा आनंद वाटला. पण शर्यतीच्या इंजिनात तेच सात-आठ अंश महाग पडतात. उकळत नाही म्हणजे थंड ठेवतो असे नाही. द्रव १५० अंशांनाही शांत राहील, पण तोवर व्हॉल्व्हच्या सीटची आणि गॅस्केटची काय अवस्था झाली असेल? पाणी निदान उसळून ओरडते तरी.

हा वाद नवा नाही. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनात सुरुवातीला निव्वळ एथिलीन ग्लायकॉल वापरत. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता: द्रव जितका गरम पळेल तितका त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक मोठा, आणि तितका रेडिएटर लहान, म्हणजे हवेचा रोध कमी. पण ग्लायकॉल सांध्यांतून झिरपत असे, ते पेटण्याचा धोका होता आणि उष्णता वाहण्यात ते कमी पडे. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल हे मिश्रण दाबाखाली वापरायला सुरुवात झाली आणि इंजिन कितीतरी थंड राहू लागले. उंचीवरच्या गोठवणाऱ्या थंडीसाठी ३० टक्के तरी ठेवणे भागच होते, नाहीतर तेही त्यांनी कमी केले असते असे मला वाटते.

यावरून आठवले: जिथे रात्री तापमान शून्याखाली जाते तिथे नुसते पाणी भरलेली गाडी एक रात्रही उभी ठेवू नये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नशीब असेल तर ब्लॉकचे पत्र्याचे प्लग बाहेर पडतात, नसेल तर ब्लॉकलाच तडा जातो. ट्रेलरवरच्या रात्रीही यात धरा. हंगाम संपला की एकतर ब्लॉकच्या प्लगासह सगळे पाणी काढावे किंवा ग्लायकॉलचे मिश्रण भरून ठेवावे आणि वसंतात पुन्हा धुण्याचा सोपस्कार करावा.

तिसरे वळण

सर्वांचे मनापासून आभार. कॅप दाबयंत्रावर लावून पाहिली. तिच्यावर १.१ छापले आहे, पण ती ०.६ बारलाच उघडते. रबर एका बाजूने चेपून कडक झाले आहे. तीन वेळा पुन्हा पाहिले, आकडा तोच आला. म्हणजे मी याच कॅपखाली नुसते पाणी भरले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कृपया सांगावा.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली आहे, ती महत्त्वाची आहे की नाही हे मला कळत नाही. इंजिन बंद केल्यावर हीटरच्या बाजूने गुळगुळ आवाज येतो, आणि वरचा पाईप दाबला तर आत पोकळी असल्यासारखा लागतो. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील) गेले असेल का?

उष्णतेचा हिशेबनीस

०.६ बार म्हणजे एकूण १.६ बार, आणि त्या दाबाला पाणी ११३ अंशांना उकळते. आपला काटा ११४ वर गेला होता. तेव्हा आत ग्लायकॉल होते म्हणून संपूर्ण द्रव उकळला नाही. कॅप वेळेआधी उघडून पाणी सोडत राहिली, एवढ्यावर भागले. नुसत्या पाण्याने ती शर्यत आपण पूर्ण केली नसती.

गुळगुळ आवाजावरून गॅस्केटचा निष्कर्ष लगेच काढू नका. यंत्रणेत हवा अडकली असली तरी हाच आवाज येतो, आणि हेडचा मागचा भाग किंवा हीटरची नळी रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच असेल तर हवा तिथेच जाऊन बसते. फरक ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून दाब सोडा, पुन्हा बंद करा, इंजिन सुरू करा आणि एका मिनिटात वरचा पाईप हाताने दाबून पाहा. पाणी अजून थंड आहे, प्रसरण झालेलेच नाही, तरीही पाईप दगडासारखा घट्ट झाला, तर तो दाब सिलिंडरमधून येतो आहे. पाईप मऊ राहिला तर बहुधा नुसती हवा. खात्रीसाठी ज्वलनवायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, आणि ज्वलनवायू असेल तर निळा रंग पिवळा होतो.

हवा काढण्याच्या बाबतीत लोक घाई करतात आणि मग कूलंटला दोष देतात. गाडीचे नाक जॅकने उचलून रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच करा, हीटरची कळ गरमवर ठेवा, सावकाश भरा, प्रत्येक पाईप हाताने दाबत राहा. त्याहून चांगला आणि कायमचा उपाय म्हणजे हेडच्या सर्वांत उंच जागेपासून कूलंटच्या दाबाखालच्या वरच्या टाकीपर्यंत (कॅच टँक नव्हे) एक बारीक नळी नेणे. त्या नळीने हवा सतत टाकीत जाऊन सुटत राहते. टाकीच्या तळातून दुसरी जाडसर नळी पंपाच्या तोंडाशी आणा. पंप जिथून पाणी ओढतो तिथे दाब सर्वांत कमी असतो, आणि जास्त आरपीएमवर तिथले पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन पंप नुसता फेस घुसळत राहतो. टाकीचा दाब थेट तिथे पोहोचला की ही शक्यता पुष्कळ कमी होते. पाण्याला हे मिश्रणापेक्षा अधिक लागू पडते, कारण पाण्याचा बाष्पदाब जास्त आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर त्याच्या जागी छिद्राची चकती बसवल्याशिवाय तो मानू नका. त्या जागचा अडथळा ब्लॉकमधला दाब वर ठेवतो आणि हेडमध्ये वाफेची चादर धरणे पुढे ढकलतो. अडथळा गेला की प्रवाह वाढतो, पण हेडमधला दाब घटतो.

शेवटी, जमल्यास पाण्याच्या दाबाचे मीटर बसवा. पाणी निघून गेले की तापमानाचे सेन्सर हवेत उघडे पडते आणि काटा चक्क खाली येतो; चालकाला वाटते गाडी थंड झाली, आणि दोन फेऱ्यांत हेड वाकडे होते. माझे एक हेड असेच गेले आहे. दाबाचा काटा मात्र पाईप फुटल्याक्षणी शून्यावर येतो.

पांढरा झेंडा

एक भर: पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून पृष्ठताण कमी करता येतो, असा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. पृष्ठताण कमी होतो हे खरे, आणि फेसही होतो. मागे एका गाडीच्या कॅच टँकमधून पांढऱ्या फेसाची वेटोळी बाहेर येताना मी पाहिली आहेत. तिचा मालक शपथेवर सांगत होता की आत ग्लायकॉल नाही, आणि ते खरेही होते.

तिसरे वळण

कळवण्यास उशीर झाला, क्षमस्व. थंड इंजिनावर पाईप मऊ राहिला आणि निळा द्रव निळाच राहिला, म्हणजे गॅस्केट शाबूत आहे. ब्लॉकचा प्लग दोन संध्याकाळी तेल सोडून, मग हळूहळू तापवून अखेर सुटला. त्यातून आधी काहीच आले नाही, तारेने टोकरल्यावर तांबूस गाळाचा गोळा पडला आणि मग धार लागली. हीटरमधून तिसऱ्या धुण्यापर्यंत हिरवट पाणी येत होते. उसन्या आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर चौथ्यांदा रेषा शून्यावर आली.

आता डिस्टिल्ड वॉटर, बाटलीवरच्या प्रमाणात गंजरोधकासह पूरक द्रव्य आणि १.३ बारची नवी कॅप अशी व्यवस्था आहे. कॅप बदलण्याआधी हातपंपाने संपूर्ण यंत्रणा १.३ बारवर वीस मिनिटे ठेवून पाहिली. हीटरच्या एका क्लिपपाशी थेंब दिसला, तिथे नवी क्लिप लावली. हेडपासून टाकीपर्यंतची नळी बसवली आहे. ती बसवताना लक्षात आले की रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट आहे आणि समोरून येणारी हवा बरीचशी तिथूनच निसटते. ती फोमच्या पट्ट्यांनी बंद केली.

काल सरावात पंचवीस मिनिटे पळालो, त्यापैकी दहा मिनिटे मुद्दाम एका गाडीच्या मागे चिकटून. काटा १०४ च्या वर गेला नाही आणि दाब ०.८ ते ०.९ बारदरम्यान राहिला. यात पाण्याचा वाटा किती, कॅपचा किती आणि फोमचा किती, हे मला वेगळे सांगता येणार नाही, कारण सगळे एकाच वेळी बदलले. कॅच टँक कोरडा होता. तपासणीच्या सूचनेप्रमाणे त्याची नळी तळापर्यंत नेली आहे. आडवी पट्टी या आठवड्यात वेल्ड करून घेतो.